मोटारीच्या पोटातला अबोला

ऑगस्टमधील एका सकाळी जव्हारच्या एका छोट्या गॅरेजसमोर ट्रॅक्टरने ओढून आणलेली एक जीप उभी राहिली. प्रस्तुत लेखक त्या वेळी आपल्या गाडीचे ब्रेक लायनर बदलून घेण्यासाठी तेथे बसला होता. जीपचा चालक खोडाळ्याकडचा. तीन-चार वर्षांची गाडी, कर्जाचे हप्ते अजून चालू, आणि तक्रार एकच. "सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं, पण गाडी काही उचलत नाही." मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला आणि पहिल्यापासून सगळे सांगायला लावले. पुढे जे घडले ते शहरातील वाचकालाही उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चालकाने सांगितलेली हकीकत अशी. तीन आठवड्यांपूर्वी रात्री एका पाड्यावरून प्रसूतीसाठी निघालेली एक मुलगी, तिची सासू आणि दीर यांना घेऊन तो जव्हारच्या रुग्णालयाकडे निघाला होता. पाऊस मुसळधार. वाटेत एका खड्ड्यातून गाडी आदळली आणि डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागले. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावर पडला आणि स्टिअरिंग जड झाले. मात्र इंजिन चालूच राहिले. पुढच्या पाड्यावर आशाताईंना गाडीत घ्यायचे होते. तेथे थांबल्यावर सवयीने त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. त्यानंतर गाडी चालू होईना. मोबाइलला रेंज नव्हती. दीर टेकाडावर चढून गेला, तेव्हा फोन लागला. दुसरी गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. मुलगी सुखरूप बाळंत झाली, परंतु ती चाळीस मिनिटे सांगताना चालकाचा आवाज खाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. चालकाने ती शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेत नेली. तेथे इंजिनाचा संगणक निकामी झाल्याचे निदान झाले, तो बदलला गेला आणि चालकाच्या दोन महिन्यांच्या कमाईवर पाणी पडले. पंधरा दिवस गाडी निर्दोष चालली. सोळाव्या दिवशी पुन्हा तेच दिवे, तोच शून्यावर पडलेला काटा, आणि शेवटी ट्रॅक्टर.

या हकीकतीतील प्रत्येक तपशील म्हणजे निदानाचा एक-एक धागा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी आजची मोटार आतून कशी बोलते ते आधी पाहावे लागेल.

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे माणसे वाहून नेणाऱ्या जुन्या डिझेल जीपला विजेची गरज फारशी नव्हती. बॅटरी उतरली तर उतारावर ढकलायची, गिअर टाकायचा, इंजिन धडधडू लागायचे. इंधनाचा पंप यांत्रिक होता, किल्ली ही नुसती किल्ली होती. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही सुटसुटीत व्यवस्था मागे पडली. भारत स्टेज ४ ची मानके एप्रिल २०१० मध्ये प्रथम मोठ्या शहरांत आणि एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले. किती थेंब डिझेल, नेमक्या कोणत्या क्षणी, हे आता संगणक ठरवतो. चाके घसरू नयेत म्हणून ब्रेकला स्वतंत्र संगणक, स्टिअरिंगला स्वतंत्र, एअरबॅगला स्वतंत्र. दिवे, कुलपे आणि वायपर सांभाळणारा आणखी एक. डॅशबोर्डवरचे काटे फिरवणाराही संगणकच. त्यांना तंत्रज्ञ मोड्यूल म्हणतात. साध्या गाडीतही अशी पाच-दहा मोड्यूल असतात आणि महागड्या गाडीत तर कित्येक पट अधिक.

या सर्वांना एकमेकांची माहिती लागते. चाकाचा वेग ब्रेकच्या मोड्यूलला प्रथम कळतो, पण तो काट्यालाही हवा, स्टिअरिंगलाही हवा आणि इंजिनालाही. प्रत्येक माहितीसाठी प्रत्येकाकडे स्वतंत्र तार ओढायची म्हटली तर गाडीत तारांचे भारे होतील. एकेकाळी तसे होऊही लागले होते. यावर जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ मध्ये काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', म्हणजेच 'कॅन', जगापुढे मांडले गेले. १९९३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. आज रस्त्यावरील बहुतेक प्रत्येक नव्या मोटारीत ते आहे.

कॅनची कल्पना मोठी देखणी आहे. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन बारीक तारा संपूर्ण गाडीतून फिरवायच्या आणि प्रत्येक मोड्यूल त्यांना जोडायचे. कोणीही बोलले की ते सर्वांना ऐकू जाते. ज्याला ती माहिती हवी तो घेतो, इतर दुर्लक्ष करतात. या भागाचा विचार करताना तारपा नाचाची उपमा मोहात पाडते, पण ती येथे लागू पडत नाही. त्या नाचात मध्यभागी तारपा वाजवणारा असतो आणि सारे त्याच्या सुरावर पावले टाकतात. कॅनमध्ये असा कोणी म्होरक्या नसतो. पाड्यावरच्या बैठकीची उपमा अधिक जवळची. सारे एका वर्तुळात बसलेले, कोणीही बोलावे, सगळ्यांनी ऐकावे. दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर? त्यासाठी मानपान आधीच ठरलेला असतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि ज्याचा क्रमांक लहान त्याचा मान मोठा. धाकटा आपोआप गप्प बसतो, थोरल्याचे बोलणे पूर्ण होते आणि मग धाकटा पुन्हा प्रयत्न करतो. यात एक क्षणही वाया जात नाही आणि कोणाचा शब्दही बिघडत नाही. हे सारे अतिशय वेगाने चालते. अशा जाळ्याचा नेहमीचा वेग सेकंदाला पाच लाख बिट असतो, आणि एक पूर्ण संदेश साधारण पाव मिलिसेकंदात संपतो.

दोन तारा कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. जाळे शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक तार साडेतीन व्होल्टपर्यंत वर जाते आणि दुसरी दीड व्होल्टपर्यंत खाली येते. ऐकणारा दोन तारांमधला फरक तेवढा मोजतो. आता गाडीत विजेचा गोंगाट पुष्कळ. अल्टरनेटर आहे, हॉर्न आहे, वायपरची मोटर आहे. पण तारांना पीळ असल्यामुळे हा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर भरतीला दोन होड्या एकत्रच वर उचलल्या जातात, त्यांच्यातील उंचीचा फरक बदलत नाही. तसेच हे.

याच तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक-एक रोधक बसवलेला असतो. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की ती समोरच्या कड्यावर आदळून परत येते आणि दुसरी हाक पहिलीच्या प्रतिध्वनीत मिसळते. तारेतील विद्युत संदेशाचेही तसेच होते. टोकाचा रोधक तो प्रतिध्वनी गिळून टाकतो. अनेक गाड्यांत यातला एक रोधक इंजिनाच्या मोड्यूलच्या आत आणि दुसरा गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या मोड्यूलमध्ये असतो. समांतर जोडलेले दोन १२० ओहम मिळून ६० ओहम होतात. शाळेतल्या भौतिकशास्त्राचे हे एवढेसे गणित पुढे एका गरीब माणसाच्या उपयोगी पडणार होते.

मोड्यूल परस्परांवर डोळे ठेवून असतात. इंजिनाचे मोड्यूल आपले फेरे, तापमान वगैरे दर काही मिलिसेकंदांनी सांगत राहते. ठरलेल्या वेळेत तो संदेश आला नाही, की वाट पाहणारे मोड्यूल आपल्या स्मरणात नोंद करते की अमक्याशी संपर्क तुटला. या नोंदींना 'यू' अक्षराने सुरू होणारे क्रमांक असतात. 'यू ०१००' म्हणजे इंजिनाच्या मोड्यूलशी संपर्क तुटला, 'यू ०१२१' म्हणजे ब्रेकच्या मोड्यूलशी, 'यू ०१४०' म्हणजे बॉडीच्या. येथे फसगत होते ती अशी, की नोंद करणारा एक असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. ब्रेकच्या मोड्यूलमध्ये 'यू ०१००' सापडला म्हणून ब्रेकचे मोड्यूल बदलणे म्हणजे तार मिळाली नाही म्हणून तक्रार करणाऱ्यालाच पोस्टाने बडतर्फ करण्यासारखे आहे. आणि ज्याचे नाव घेतले गेले तो तरी दोषी असतोच असे नाही. तो आपल्या जागी ठणठणीत असेल, त्याचा आवाज पोचत नसेल, एवढेच. घरातल्या अबोल्यासारखेच हे आहे. कोण कोणाशी बोलत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता गॅरेजमध्ये परत जाऊ.

मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला तो अनपेक्षित होता. "फेऱ्यांचा काटा पडला, मग वेगाचा काटा चालू होता का, दादा?" चालकाने आठवून सांगितले की हो, तो चालू होता. मिस्त्री नुसता मान हलवून हसला. वेगाची माहिती ब्रेकच्या मोड्यूलकडून काट्याकडे जाते आणि फेऱ्यांची इंजिनाच्या मोड्यूलकडून. म्हणजे ब्रेक आणि काटे यांचे बोलणे चालू होते, इंजिन तेवढे बैठकीतून उठून गेले होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काटा शून्य सांगत असताना इंजिन चालू होते. संगणकाशिवाय हे इंजिन एक क्षणही चालू शकत नाही. याचा अर्थ त्या वेळी इंजिनाचे मोड्यूल जिवंत होते, त्याला वीजही मिळत होती आणि ते आपले कामही करत होते. त्याचा शब्द बाहेर पोचत नव्हता, इतकेच. शहरातील कार्यशाळेने हा एक प्रश्न विचारला असता तर नवा संगणक विकत घ्यावा लागला नसता, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मग गाडी बंद करताच ती पुन्हा चालू का होईना? याचे उत्तर किल्लीत आहे. आजच्या किल्लीत एक चिप असते. ती ओळखीची आहे की नाही हे अशा गाडीत बॉडीचे मोड्यूल तपासते आणि 'मालकच आहे, इंधन सोडायला हरकत नाही' असा निरोप जाळ्यावरून इंजिनाकडे पाठवते. निरोप पोचला नाही तर सेल्फ फिरतो, पण इंधन सुटत नाही. चोरापासून संरक्षण म्हणून केलेली ही योजना चालू इंजिनाला मध्येच अडवत नाही. अडवते ती फक्त नव्याने सुरू करताना. त्या रात्री चालकाने इंजिन बंद केले नसते, तर तो जड स्टिअरिंग ओढत का होईना, जव्हारला पोचला असता. हे मिस्त्रीने सांगितले तेव्हा चालक बराच वेळ काही बोलला नाही.

यानंतर मिस्त्रीने बॅटरीचे व्होल्ट पाहिले. यात घाई करणारे बरेच असतात, पण उतरलेली बॅटरी हे खोट्या 'यू' नोंदींचे फार मोठे कारण आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज खूप खाली गेले की निरनिराळी मोड्यूल क्षणभर झोपी जातात, आणि जागी होताच एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहून ठेवतात. येथे बॅटरी स्वस्थ होती. उभ्या गाडीला साडेबारा व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर. मग स्कॅनर जोडला. ब्रेक, स्टिअरिंग, बॉडी आणि काटे या चौघांनी उत्तर दिले आणि चौघांच्याही स्मरणात एकच ओळ होती, 'यू ०१००'. इंजिनाच्या मोड्यूलने काहीच उत्तर दिले नाही. मिस्त्रीच्या तर्कावर हे शिक्कामोर्तब झाले.

येथून पुढे स्कॅनरचे काम संपले आणि काही शे रुपयांना मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरचे सुरू झाले. मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली आणि काही मिनिटे थांबला. मोड्यूल पूर्ण झोपल्याशिवाय रोध मोजला तर आकडा खोटा येतो. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडण्याचा सोळा पिनांचा जो सॉकेट असतो, त्यातील सहावी आणि चौदावी पिन या कॅनच्या दोन तारा. त्यांच्यामध्ये मीटर धरले. ६० ओहम यायला हवे होते. आले १२०.

या एका आकड्याने शोधाचे क्षेत्र हातभर झाले. इंजिनाच्या मोड्यूलला नुसती वीज मिळत नसती, त्याचा फ्यूज उडालेला असता किंवा त्याची अर्थ सुटलेली असती, तरी मीटरवर ६०च दिसले असते, कारण आतला रोधक वीज असो वा नसो, तारेला जोडलेलाच असतो. १२० दिसले याचा अर्थ एक रोधक मीटरला दिसेनासाच झाला होता. म्हणजेच सॉकेट आणि इंजिनाचे मोड्यूल यांच्यामध्ये कोठेतरी तार तुटली आहे किंवा कपलर सुटला आहे. मीटर तसेच लावून ठेवून त्याने एका पोराला आकड्याकडे बघत बसवले आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकून तारांचा जुडगा वीतभर-वीतभर हलवत गेला. डाव्या मडगार्डजवळ इंजिनाकडील आणि गाडीकडील तारांना जोडणारा एक मोठा कपलर होता. त्याला हात लागताच पोरगा ओरडला, "साठ!" हात काढला, पुन्हा एकशेवीस.

कपलरवर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप काढल्यावर दिसले की त्याचे एका बाजूचे कुलूप तुटले आहे. दीड वर्षापूर्वी गाडी पुढून ठोकली गेली होती, तिची दुरुस्ती करताना कोणीतरी ते तोडले आणि टेप लावून वेळ मारून नेली. कपलर एका कोपऱ्यात किंचित उघडा पडला होता, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात कॅनच्या दोन पिना होत्या. रबराच्या सीलची जागा सरकल्याने पाणी आत गेले होते आणि त्या दोन पिनांवर हिरवे साचले होते. बाकीच्या पिना स्वच्छ होत्या. शहरात नवा संगणक बसवताना हा कपलर काढून पुन्हा दाबून बसवला गेला असणार. त्या दाबाने पिना घासल्या, तात्पुरता संपर्क झाला आणि गाडी पंधरा दिवस चालली. निदान चुकीचे, पण गुण आला, असा हा प्रकार. वैद्यकातही असे घडते, म्हणून कार्यशाळेला फार दोष देण्याचा लेखकाचा हेतू नाही. तरीही जो जुना संगणक काढला, तो दुसऱ्या गाडीला लावून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

मिस्त्रीने दोन्ही पिना नव्या बसवल्या. तारांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत कायम ठेवण्याची त्याने काळजी घेतली, कारण उकललेल्या तारा गोंगाटाला पुन्हा वाव देतात. कपलरला पक्का पट्टा लावला आणि मीटर पुन्हा धरले. ६० आले. जुडगा कसाही हलवला तरी ६०च. सगळी मजुरी चहापाण्यासह हजाराच्या आत.

सर्वच बिघाड इतक्या सरळपणे उकलत नाहीत. एखाद्या ठिकाणी दोन तारांचे आवरण घासून त्या एकमेकींना चिकटल्या किंवा त्यांपैकी एक गाडीच्या पत्र्याला लागली, तर एकट्यादुकट्याचा अबोला न होता साऱ्या घराचीच वाचा बसते. स्कॅनरला कोणीच उत्तर देत नाही. मीटरवर ६० ऐवजी जवळजवळ शून्य दिसते किंवा एखादी तार व्होल्टच्या एकाच आकड्यावर अडकून बसलेली आढळते. अशा वेळी एकेक मोड्यूल जाळ्यातून सोडवत जावे लागते, आणि ज्याला सोडवताच उरलेली बोलू लागतात तो दोषी. कधी मोड्यूलच्या आत पाणी शिरते आणि ते अर्थहीन बडबड करून इतरांना बोलू देत नाही. यावर कॅनच्या रचनाकारांनी योजलेला उपाय फार समंजस आहे. प्रत्येक मोड्यूल स्वतःच्या चुका मोजते. तो आकडा २५५ च्या वर गेला की ते स्वतःहून जाळ्यातून बाहेर पडते आणि मौन पत्करते. माणसांच्या सभांना हा नियम लागू करावा असे वाटण्याचे प्रसंग कमी नाहीत, पण तो विषय वेगळा.

जव्हार हे सह्याद्रीच्या कुशीत समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले जुन्या संस्थानाचे गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग. येथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाणी कपलरमध्ये केशाकर्षणाने चढते, उन्हाळ्यात लाल माती सीलमध्ये घुसते आणि तोरंगण घाटासारख्या वळणांवरचे व खराब रस्त्यांवरचे हादरे उरलेले काम पुरे करतात. भाताच्या कोठाराशेजारी उभ्या केलेल्या गाडीत उंदीर शिरणे ही तर घरोघरची कहाणी. उंदीर तार पूर्ण तोडत नाही. तो आवरण कुरतडतो आणि दोन-चार तंतू शिल्लक ठेवतो. कोरड्या दिवशी तेवढ्यावर गाडी चालते, आणि पाऊस आला की रुसते. 'कधी होते, कधी होत नाही' असा हा दोष निदानात सर्वांत कठीण. गाडी कार्यशाळेत नेली की तिला काहीच झालेले नसते.

मुंबई-पुण्याच्या वाचकाने मात्र उंदीर आणि घाट यांच्यावर भरवसा ठेवून निश्चिंत राहू नये. शहरी गाड्यांतील अशा बिघाडांमागे बहुतेकदा हौस असते. वाढीव दिवे, मागचा कॅमेरा, मोठ्या पडद्याची म्युझिक सिस्टीम, गाडी कोठे आहे ते दाखवणारे यंत्र. हे बसवणारा कारागीर वीज मिळवण्यासाठी हाताला लागेल ती तार सोलतो, आणि कधीकधी ती नेमकी कॅनची निघते. तेव्हा गाडी बिघडल्यावर पहिला प्रश्न 'अलीकडे काय बसवले?' हाच असावा. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण अनेकांकडे असते. ते इंजिनाच्या प्रदूषणासंबंधीच्या नोंदी वाचते, ब्रेक किंवा बॉडीच्या मोड्यूलमधील तक्रारी मात्र त्याला सहसा दिसत नाहीत. त्याने 'दोष नाही' म्हटले म्हणून दोष नाही असे होत नाही. गेल्या काही वर्षांतील गाड्यांत आणखी एक गुंता आहे. त्यांत एकाऐवजी तीन-चार जाळी असतात आणि सॉकेटमागे एक द्वारपाल मोड्यूल बसलेले असते. तेथे सहाव्या-चौदाव्या पिनेवरचा ६० ओहम फक्त बाहेरच्या छोट्या तुकड्याचा असू शकतो. गाडीचा वायरिंग नकाशा समोर असल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आणि नकाशा हीच खरी अडचण आहे. जव्हारच्या त्या मिस्त्रीकडे त्या जीपचा नकाशा एका ओळखीच्याने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंच्या स्वरूपात होता, तोही अर्धवट. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके व निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी बोट ठेवले आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तो वाद पुढे न्यायालयांत गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही आल्या, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. ज्या तालुक्यातून अधिकृत सेवाकेंद्र गाठायला डोंगर उतरून अर्धा दिवस घालवावा लागतो, तेथे हा हक्क कागदावरून गॅरेजच्या बाकड्यापर्यंत पोचला की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यात आहे. परंतु ज्या पाड्यांवर फोनच लागत नाही, तेथे शेजाऱ्याची जीप हीच रुग्णवाहिका असते. आणि त्या रुग्णवाहिकेतही त्याच दोन पिळाच्या तारा असतात.

दुपारी जीप चालू झाली. फेऱ्यांचा काटा उठला, पिवळे दिवे एकामागून एक विझले. मिस्त्रीने स्मरणातील जुन्या तक्रारी पुसल्या आणि चालकाला चक्कर मारून यायला सांगितले. अर्ध्या तासाने तो परतला तेव्हा गाडीत त्याने दोन प्रवासी आधीच भरले होते. पैसे द्यायला तो खाली उतरला, खिसा चाचपला, नोटा मोजल्या, मिस्त्रीशी दोन शब्द बोलला. इंजिन मात्र त्याने बंद केले नाही.